परदेशातली कंपनी दर महिन्याला ‘नव्वद टक्के काम झालं’ म्हणते. व्हेंडर बदलू का?

कळंगुटच्या तुमच्या हॉटेलांचं बुकिंग अ‍ॅप हनोईतल्या कंपनीला दिलंय, निम्म्याहून जास्त पैसे गेलेत आणि कानावर ‘नव्वद टक्के’च येतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी पर्वरीत हीच कामं करतो, कधी गिऱ्हाइकाच्या बाजूने, कधी व्हेंडरच्या. एवढ्यात बदलू नका. आधी बघा, सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅपचा मूळ प्रोग्राम, कुणाच्या खात्यात आहे?

गिटहब (जिथे हा कोड ठेवतात), क्लाउड (भाड्याचे सर्व्हर), डोमेन (वेबसाइटचं नाव), प्ले स्टोअरचं डेव्हलपर अकाउंट, सगळं तुमच्या कंपनीच्या नावावर हवं. त्यांना फक्त आत यायची परवानगी. बहुतेकदा उलटं असतं, कारण सुरुवातीला ते ‘आम्हीच करून देतो’ म्हणतात आणि आपल्यालाही तेवढीच कटकट वाचते. म्हणजे घर आपल्या पैशांनी आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, गोव्याच्या सातबारावर, नाव मिस्त्रीचं. पुढचा हप्ता देण्याआधी हे करून घ्या. आवाज चढवायची गरज नाही.

करारही काढून वाचा. ‘काम झाल्यावर सगळं तुमचं’ एवढ्याने भागत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द घालून घ्या. सिंगापूरच्या लवादाचं कलम असेल तर असू दे, पण तिथे भांडायला गेलात तर तुमच्या रकमेपेक्षा वकिलाचीच फी जास्त होईल.

आता ते नव्वद टक्के. टक्के विचारणंच बंद करा. दर शुक्रवारी टेस्ट सर्व्हरवर चालतं अ‍ॅप मागा. २४ डिसेंबर ते २ जानेवारी खोली बुक करा, सीझनचा वाढीव दर लागतो का बघा, मग एक रात्र कमी करा आणि परताव्याचा आकडा तपासा. फोन रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात द्या. तिला जे अडेल ते त्यांच्या टेस्टरला सुचणारही नाही. हप्ते महिन्याला नाही, अशा चालत्या गोष्टींना बांधा.

परदेशी पाहुण्यांची माहिती आपल्याला २४ तासांत कळवावी लागते, म्हणजे अ‍ॅपमध्ये पासपोर्टचे फोटो येणार. टेस्टिंगला खरे फोटो अजिबात देऊ नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात व्हेंडरकडून माहिती फुटली तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

हनोई आपल्यापुढे फक्त दीड तास, त्यामुळे वेळेची सबब चालू देऊ नका. टेटची, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाची सुट्टी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन सीझनला येते आणि आठवडाभर फोन उचलायला कुणी नसतं. त्या तारखा आत्ताच विचारून ठेवा, तुमच्या चवथीच्याही सांगा.

एवढं मागितल्यावर खाती द्यायला टाळाटाळ झाली, तर मात्र हप्ता थांबवा आणि दुसरी कंपनी बघायला लागा.