यात तुम्ही कुठे आहात?

“मॅडम, मला पाठ करता येतं, पण विचार करता येत नाही.” महाविद्यालयात समुपदेशन करताना ही तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकली आहे. बहुतेक वेळा ती अशी मुले करतात, ज्यांना दहावी-बारावीला उत्तम गुण मिळालेले असतात. येथे मी अशाच एका विद्यार्थिनीविषयी लिहीत आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

ती मूळची लातूरची, पुण्यात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. ‘महाराष्ट्रातील पाणीप्रश्न’ या विषयावर तिने बावीस पानांचा प्रकल्प लिहून दिला होता. त्यातला काही भाग संदर्भपुस्तकांतून, काही इंटरनेटवरून आणि काही मोबाईलवरच्या एआयला विचारून उतरवलेला होता. प्राध्यापकांनी शेवटच्या पानावर गुण न देता एकच ओळ लिहिली होती : ‘यात तुम्ही कुठे आहात?’ ते पान माझ्यासमोर ठेवून ती रडू लागली. “बारावीपर्यंत मी हुशार होते. मग आता मी मठ्ठ झाले का?”

तिची झोप, जेवण, मैत्रिणी, वर्गातील उपस्थिती यांविषयी मी आधी विचारून घेतले, कारण मन उदास असल्यामुळेही विचार खुंटल्यासारखा वाटतो. तसे काही दिसले नाही. मात्र “कोणाचं म्हणणं पटलं नाही, असं शेवटचं कधी झालं?” या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आमच्याकडे मोठ्यांना उलट उत्तर देत नाहीत.” मी पटण्या-न पटण्याविषयी विचारले होते आणि तिने उत्तर उद्धटपणाविषयी दिले होते. या दोन गोष्टी तिच्या मनात एक झालेल्या होत्या. तिची अडचण बुद्धीची नव्हती, हे मला तेव्हाच जाणवले.

तरीही पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. पाणी वाचवण्याचे दहा नवे उपाय, बरे-वाईट न ठरवता, लिहून काढ, असे मी तिला सांगितले. सर्जनशीलतेसाठी हा सराव प्रसिद्ध आहे. एका प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे शोधणाऱ्या विचाराला जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासात महत्त्वाचे स्थान मिळवून दिले, त्याच परंपरेतला. परंतु पुढच्या आठवड्यात तिने आणलेले दहाही उपाय शालेय पुस्तकातले होते आणि “हे बरोबर आहेत ना?” हा प्रश्न सोबत होता. ज्या मुलीला आयुष्यभर एकच बरोबर उत्तर शोधायला शिकवले गेले, तिच्यासाठी दहा कल्पना म्हणजे चुकण्याच्या दहा संधी होत्या, हे मी आधी ओळखायला हवे होते.

म्हणून मी तो सराव बाजूला ठेवला आणि तिला विचारले, “2016 साली तू लातूरलाच होतीस ना? काय आठवतं?” तिचा आवाजच बदलला. ती तेव्हा चौथीत होती. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात कलम 144 लावले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आली होती. आईने रांगेत लावलेल्या घागरी, टँकर येण्याची वेळ, कोणाच्या दारी तो आधी थांबे, हे सगळे ती न अडखळता सांगत होती. बावीस पानांत यातले एक अक्षरही नव्हते.

“पाणी का संपलं?” मी विचारले.

“पाऊस पडला नाही म्हणून.”

“त्या वर्षी तुमच्या भागात ऊस होता?”

“होता. काही जणांचा.”

“त्याला पाणी कुठून मिळायचं?”

“बोअरचं.” ती थांबली. “म्हणजे मॅडम, काहींकडे पाणी होतं.”

2014 आणि 2015 या दोन्ही वर्षांत पाऊस कमी झाला होता, तेव्हा तिचे पहिले उत्तर खोटे नव्हते. ते अपुरे होते. हा फरक तिने स्वतः पाहिला. त्यानंतर आम्ही वहीची पद्धत ठरवली : डाव्या पानावर पुस्तक काय म्हणते ते आणि उजव्या पानावर तीन प्रश्न. हे कशावरून? याचे दुसरे कारण असू शकते का? हे कोणाला लागू पडत नाही? रोज एकच परिच्छेद घ्यायचा. अभ्यासक्रमाचा व्याप पाहता याहून मोठे काम कोणी टिकवत नाही, असा माझा अनुभव आहे.

‘टीका’ या शब्दाचीही तिला भीती वाटत असे. मी तिला सांगितले की आपल्या परंपरेत टीका म्हणजे दोष काढणे नव्हे. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणे म्हणजे टीका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. 700 श्लोकांचा अर्थ लावता लावता सुमारे 9000 ओव्यांचे नवे काव्य उभे राहिले. चिकित्सक विचार आणि सर्जनशील विचार ही दोन वेगळी कौशल्ये म्हणून शिकवली जातात, ते मला पटत नाही. एखादी गोष्ट नीट उकलून पाहणाऱ्यालाच तिच्यात नवे काही सुचते.

महिनाभरानंतर वेगळीच अडचण उभी राहिली. आता तिला कशावरच विश्वास ठेवावासा वाटेना. “शेवटी प्रत्येकाचं मत त्याच्यापुरतं बरोबरच असतं,” असे ती म्हणू लागली, आणि दुसऱ्या दिवशी सगळा दोष ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे, असेही. हार्वर्डमधील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून विल्यम पेरी यांनी 1970 मध्ये मांडलेल्या क्रमात नेमका हा टप्पा आहे : आधी ‘जाणकाराला माहीत असलेले एकच बरोबर उत्तर’, मग ‘सगळीच मते सारखी’ आणि बऱ्याच खटपटीनंतर ‘पुराव्याच्या आणि परिस्थितीच्या आधारे मते तोलता येतात’. मधल्या टप्प्यावर मुले उर्मट वाटतात, म्हणून घरचे आणि शिक्षक त्यांना पुन्हा पहिल्या टप्प्यावर ढकलतात. तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

याच सुमारास तिच्या वडिलांचा फोन आला. “मॅडम, पोरगी आता प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून’ म्हणते. अभ्यास कधी करणार?” त्यांची काळजी खरी होती आणि मी ती तशीच ऐकून घेतली. मग त्यांना विनंती केली की तिने उसाविषयी विचारले तर तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. त्यांची स्वतःची तीन एकर शेती आहे. त्यांनी तिला सांगितले की उसाला सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर असतो आणि कारखाना ऊस घेतो. सोयाबीन किंवा तूर बाजारात नेताना उद्याचा भाव काय असेल, हे सांगता येत नाही. मग शेतकऱ्याने काय लावावे? या एका प्रश्नाने तिचा आदल्या आठवड्याचा निष्कर्ष डळमळला, आणि तसे तिने वहीच्या उजव्या पानावर प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

नवा प्रकल्प सहा पानांचा झाला. त्यातले एक पान म्हणजे तिने आठवणीतून काढलेला तिच्या गल्लीचा नकाशा होता : टँकर कुठे थांबे, कोणाकडे बोअर होते, कोणाला पाणी विकत घ्यावे लागे. नकाशा काढ, असे तिला कोणीही सुचवले नव्हते. तो पाहिल्यावर मी तिला जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरांविषयी सांगितले. 1854 मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ आली असताना त्यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली असल्याचे दाखवले. ती नुसती हसली आणि आपला नकाशा पुन्हा एकदा निरखू लागली.

या वेळी प्राध्यापकांनी गुण दिले आणि नकाशावरच्या दोन घरांभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून विचारले, ‘यांच्याकडे बोअर होते, तरी यांनी पाणी विकत का घेतले?’ तिला उत्तर माहीत नव्हते. त्यातले एक घर तिच्या मावशीचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाण्याआधी ती मला भेटायला आली, तेव्हा तिची चौकशी एवढीच होती की मावशीला वाईट न वाटता हे कसे विचारावे. आम्ही अर्धा तास त्या एका प्रश्नाची शब्दरचना करत बसलो.