पंधराचे अवयव आणि दीर्घकाळची गुपितं

प्रश्न : क्वांटम संगणक सगळे पासवर्ड एकाच वेळी लावून बघतो आणि क्षणात बरोबर तो शोधतो, असं वाचलं. मग लांबलचक पासवर्ड ठेवण्यात तरी काय अर्थ?

उत्तर : हे ‘एकाच वेळी सगळं’ माझ्या टपालात सारखं येतं आणि दर वेळी माझी चिडचिड होते. सगळ्या शक्यता एकत्र मांडता येतात हे खरं. पण मोजायला गेलात की हाती एकच येते, आणि तीही कुठलीही. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील आणि हवं ते उरेल अशी मांडणी जमवावी लागते, आणि ती मोजक्याच गणितांत जमते. पंचाईत अशी की त्यातल्याच एका गणितावर इंटरनेटची बरीच कुलपं उभी आहेत.

कागद-पेन्सिल घ्या. १५ चे अवयव आपल्याला माहीत नाहीत असं समजा. ७ चे घात काढत जा आणि प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा : ७, ४, १३, १, मग पुन्हा ७, ४, १३, १. म्हणजे चक्र चारचं. चारचं निम्मं दोन, आणि ७ चा वर्ग ४९. त्याच्या अलीकडे ४८, पलीकडे ५०. ४८ आणि १५ यांचा मसावि ३, ५० आणि १५ यांचा ५. निघाले अवयव! यात शाळेबाहेरचं काहीच नाही. फक्त संख्या सहाशे अंकी झाली की ते चक्र किती लांबीचं आहे हे साध्या संगणकाला सापडत नाही. १९९४ मध्ये बेल लॅब्जच्या पीटर शोर यांनी क्वांटम संगणकाकडून नेमकी ती लांबी कशी काढून घ्यायची हे दाखवलं. आधीची आणि नंतरची आकडेमोड नेहमीचा संगणकच करतो. आयबीएमच्या गटाने २००१ मध्ये सात क्यूबिटांवर (म्हणजे क्वांटम संगणकाच्या बिटांवर) जी संख्या फोडली ती हीच, १५.

इंटरनेटच्या कुलपांच्या दोन पद्धती, मोठ्या संख्येचे अवयव निघत नाहीत यावर विसंबलेली आरएसए आणि तिच्याच कामाची एलिप्टिक कर्व्ह, शोर यांच्या तडाख्यात सापडतात. पासवर्डाची गोष्ट निराळी. तिथे चक्र वगैरे काही नसतं, नुसती शोधाशोध असते. तिच्यासाठी लव ग्रोव्हर यांची १९९६ ची पद्धत आहे, पण तिने पायऱ्या वर्गमुळाइतक्याच कमी होतात. एईएस ही मजकूर कूटबद्ध करायची नेहमीची पद्धत; तिच्या २५६ बिटांच्या किल्लीला तरीही २ च्या १२८ व्या घाताइतक्या पायऱ्या लागतील, आणि त्या एकापाठोपाठ एक चढाव्या लागतील. तेव्हा लांब पासवर्ड मुळीच सोडू नका.

प्रश्न : मी वैद्यकीय तपासण्यांची प्रयोगशाळा चालवते. आमचे अहवाल कूटबद्ध होऊन जातात. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात, ही कुलपं फोडणारं क्वांटम यंत्र यायला दहा-पंधरा वर्षं आहेत, तेव्हा बघू. त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : यंत्र कधी येणार यावर त्यांच्याशी वाद घालू नका. आज पाठवलेला अहवाल किती वर्षं गुप्त राहायला हवा, एवढंच विचारा. जनुकीय तपासणीचा अहवाल रुग्णाच्या मुलांबद्दलही बोलतो. त्याला पंधरा वर्षं पुरत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत तारा (टेलिग्राम) न वाचताच साठवून ठेवल्या होत्या. १९४३ मध्ये त्यांच्यावर काम सुरू झालं. एकदाच वापरायच्या किल्ल्यांची काही पानं सोव्हिएत बाजूने दोनदा छापली होती, तेवढी फट पुरली. ‘व्हेनोना’ नावाचं ते काम थेट १९८० पर्यंत चाललं. तोवर तारा पाठवणाऱ्यांचं राजकारण कधीच संपलं होतं.

आता तुमचा अहवाल घ्या. तो एईएसने बंद होतो, ते भक्कम आहे. पण त्या एईएसची किल्ली दोन्ही टोकांनी आधी एलिप्टिक कर्व्हने ठरवलेली असते, आणि ती बोलणी त्याच तारेवरून जातात. आज कुणी सगळं टिपून ठेवलं, तर उद्या तो एईएसला हातही लावणार नाही. किल्लीच उचलेल. मी बरीच वर्षं याच किल्ली-ठरवण्याच्या कोडवर काम केलं आहे, आणि ‘पण आम्ही २५६ बिट वापरतो’ हे समाधान मला तिथेही रोज ऐकू यायचं.

बरं, ते दहा-पंधराही कशावरून? २०४८ बिटांची आरएसए फोडायला दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब गिडनी आणि एकेरा या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो दहा लाखांच्या आत आणला, वेळ आठवड्याहून कमी. यंत्रं अजून फार मागे आहेत : आयबीएमच्या २०२३ च्या काँडॉर चिपवर १,१२१ क्यूबिट होते. पण हे अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतंय.

उपाय मात्र आजच्याच संगणकांवर चालतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकापुढे टिकावीत अशी तीन नवी मानकं जाहीर केली. किल्ली ठरवण्यासाठीचं त्यातलं एमएल-केईएम. पुरवठादाराला विचारा, तुमचं सॉफ्टवेअर एलिप्टिक कर्व्ह आणि एमएल-केईएम दोन्ही मिळून किल्ली बनवतं का? दोन्ही मिळून का, तर एनआयएसटीच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली साइक नावाची नवी पद्धत २०२२ मध्ये दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. नव्याला जुन्याचा आधार असलेला बरा. सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपने असा जोड २०२३ मध्येच बसवला, म्हणजे हे काही भविष्यातलं काम नव्हे. डिजिटल सह्यांची घाई त्या मानाने कमी : उद्या सही खोटी करता आली तरी आजचं बोलणं उघडत नाही. तुमच्या तपासणी यंत्रांत सही पडताळायची किल्ली कायमची कोरलेली असेल, तर मात्र त्याचीही चौकशी करा.

आजवर कुणी टिपून ठेवलं असेल, त्याचं काहीच करता येणार नाही.

प्रश्न : प्रकाशकणांवरून किल्ली पाठवणारी ‘क्वांटम-सुरक्षित’ पेटी आमच्या कार्यालयाने घ्यावी का?

उत्तर : नको. बेनेट आणि ब्रासार्ड यांची १९८४ ची ती कल्पना मला मनापासून आवडते. पण तिला खास उपकरणं लागतात, आणि पलीकडे बसलेला माणूस खरंच तोच आहे का, हे ती सांगत नाही. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची एनसीएससी या दोन्ही सरकारी सुरक्षा संस्था सरकारी वापरासाठी तिची शिफारस करत नाहीत. त्यापेक्षा कार्यालयात आरएसए कुठे कुठे दडलं आहे याची यादी करायला एखाद्याला बसवा : जुने सर्व्हर, व्हीपीएन, बॅकअप, दाराचं कार्ड वाचणारं यंत्रसुद्धा. आठवड्यात संपेल असं सांगून कुणी ती यादी आणून दिली, तर पुन्हा करायला लावा.