जुन्या मोटरसायकलचे पुढचे शॉक मऊ पडलेत. जाड ऑइल घालू का?

लगेच घालू नका. तुम्ही लिहिलंय की ब्रेक दाबला की गाडी पुढून एकदम बसते, खड्ड्यात ठक्क आवाज येतो आणि कुणीतरी १० डब्ल्यूच्या जागी २० डब्ल्यू, म्हणजे जास्त जाड ऑइल सुचवलंय. माझ्या जुन्या गाडीवर मीही आधी हेच केलं होतं. गाडी बसायची तेवढीच बसत राहिली, फक्त जरा सावकाश. बारीक खडबडीवर मात्र मनगटं भरून यायला लागली. पाठोपाठ तीन-चार उंचवटे आले की फोर्क (म्हणजे हे पुढचे शॉक) पुरता वर यायच्या आतच पुढचा धक्का बसायचा, आणि प्रत्येक धक्क्यागणिक पुढचा भाग आणखी खाली जायचा.

याचं कारण साधं आहे. वजन स्प्रिंग पेलते. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. ब्रेक धरून ठेवला तर फोर्क शेवटी किती खाली जाणार हे स्प्रिंग ठरवते, तिथे पोहोचायला किती वेळ लागणार हे ऑइल. जुन्या साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक मापाच्या भोकांतून ढकललं जातं, आणि भोकांतला अडथळा साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ब्रेकवर सावकाश बसताना तो फारसा जाणवत नाही आणि तीक्ष्ण खड्ड्यात नको तितका जाणवतो. जाड ऑइलने हा दुसरा त्रासच जास्त वाढतो.

म्हणून आधी मोजा. पुढचं चाक अधांतरी करून फोर्कच्या चकचकीत नळीची, धूळसीलच्या बाहेर दिसणारी उघडी लांबी मोजा. मग गाडी सरळ धरायला कुणाला तरी सांगा, नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून सीटवर बसा आणि पुन्हा मोजून घ्या. सील थोडं अडकवतं, म्हणून एकदा पुढचा भाग खाली दाबून हळूच सोडा, एकदा वर उचलून हळूच सोडा, आणि दोन्ही मापांची सरासरी धरा. आधीच्या मापातून ही सरासरी वजा केली की बसक मिळते. रस्त्यावरच्या गाडीला ही बसक एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावी. हालचाल १४० मिमी असेल, तर ३५ ते ४५ मिमी. ६० च्या पुढे गेली असेल तर दोष ऑइलच्या जाडीचा नाही.

आता बसक कमी कशी करायची? स्प्रिंगवरचा स्पेसर, म्हणजे स्प्रिंग आणि नळीचं झाकण (कॅप) यांच्यामधला पाइपचा तुकडा, वाढवून. पण यातला एक गैरसमज मला फार खटकतो: स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही. समजा पुढच्या स्प्रिंगांवर ७२ किलो येतात आणि प्रत्येक स्प्रिंग मिलिमीटरभर दबायला ०.६ किलो लागतात. दोन्ही मिळून १.२, म्हणजे स्प्रिंग एकूण ६० मिमी दबणार. त्यातले १५ मिमी कॅप बसवतानाच दबलेले असतील, तर बसक ४५. स्पेसर १० मिमी लांब केला की बसक ३५. स्प्रिंग तीच, फक्त गाडी १० मिमी वर उभी राहिली. ब्रेक लावताना मिळणारी जागा तेवढी वाढते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांना एवढंच पुरतं.

पुरत नाही, हे ओळखायची खूण अशी: तुम्ही बसल्यावर बसक योग्य येते, पण तुम्ही उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही. म्हणजे मऊ स्प्रिंगला स्पेसरने जबरदस्तीने वर धरलंय. मग स्प्रिंगच बदला. त्याआधी स्प्रिंग बाहेर काढून मोकळी लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंगा आखूड होतात. बदलायच्या तर दोन्ही.

स्पेसर पीव्हीसी पाइपचा चालतो, पण टोकं काटकोनात कापा आणि स्प्रिंग व पाइप यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर ठेवा. एकदम २५-३० मिमी वाढवू नका. फोर्क पूर्ण दबल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडता कामा नयेत.

कॅप उघडताना खरंच जपा. ती स्प्रिंगच्या दाबाखाली असते आणि शेवटच्या आट्याला उडते. पुढचं चाक आधी अधांतरी करा, गाडी पक्की टेकवा, वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, चष्मा घाला आणि कॅपवर तळहाताने दाब देत पाना फिरवा. कॅपवर हवेची व्हॉल्व असेल (१९८० च्या आसपासच्या अनेक गाड्यांना असायची) तर आधी हवा सोडा.

उघडलंच आहे तर ऑइल बदलाच. बाहेर राखाडी, वास मारणारं पाणी आलं तर ‘मऊ’पणाचा मोठा भाग तिथेच आहे. मॅन्युअलमधल्याच जाडीचं भरा. दोन कंपन्यांचं ‘१० डब्ल्यू’ सारखं असेलच असं नाही, म्हणून ४० अंशांवरचा सेंटिस्टोक्सचा (ऑइलच्या जाडीच्या मापाचा) आकडा पाहा. ऑइल मापून ओतण्यापेक्षा पातळी मोजणं बरं: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, नळीच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर, दोन्हीकडे सारखं. पातळी ५-१० मिमी वर घेतली की वरची हवा लवकर दबते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो. तुमच्या त्या ठक्क आवाजावर हा चांगला उपाय आहे. पण फार वर नेली तर सील फुटतं.

तो आवाज ब्रेक दाबताक्षणी, सपाट रस्त्यावरही येत असेल तर मात्र कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) तपासा. चाक अधांतरी करून फोर्कचं खालचं टोक पुढेमागे हलवा. ढिलेपणा जाणवला तर आधी तो काढा, नाहीतर वरचं सगळं मोजमाप वाया जाईल.

दोन आकडे इथे लिहा, तुम्ही बसल्यावरची बसक आणि रिकाम्या गाडीची. स्पेसरवर भागेल की स्प्रिंगा घ्याव्या लागतील, ते त्यावरून सांगतो.