कोकण संचासाठी: भुतं पुरे, आता माणसं घे

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळासाठी कोकणावर स्वतःचा कार्डसंच करतोयस. वेताळ, गिऱ्हा, देवचार, राखणदार अशी साठेक कार्डं झालीत, एकाहून एक भारी, पण मित्रांबरोबर बसलं की डाव रंगत नाही. आणि तू विचारतोयस, आणखी कुठली भुतं घेऊ?

एकही घेऊ नकोस. तुझ्या संचात माणसंच नाहीत.

हिशेब बघ. जुन्या पद्धतीच्या १५ कार्डांच्या पाकिटात १० कॉमन (सर्रास मिळणारी), ३ अनकॉमन (जरा कमी), १ रेअर (दुर्मीळ) आणि १ लँड (खर्चाची ताकद देणारी जमीन) असायचं. ड्राफ्टला (पाकिटं फोडून, एकेक कार्ड उचलत डेक बनवायचा डाव) आठ जण, प्रत्येकी ३ पाकिटं, म्हणजे टेबलावर २४० कॉमन आणि रेअर फक्त २४. चाळीस कार्डांच्या डेकमध्ये १७ लँड गेले की उरलेल्या २३ मध्ये बहुतेक कॉमनच. तेव्हा कोकण दिसायचं तर तिथेच: कालवं काढणाऱ्या बायका, तांडेल (होडीचा म्होरक्या), चिखलातले खेकडे, सड्यावरचा गुराखी. २००८ च्या शार्ड्स ऑफ अलारा संचात २४९ कार्डांपैकी १०१ कॉमन होती. तुला एवढा पसारा नको. खेळाच्या पाच रंगांत प्रत्येकी १२ कॉमन धर, वर तीसेक अनकॉमन, पंधरा रेअर. बस्स. तुझी निम्मी भुतं इथेच गळतील.

काळ्या रंगाला स्मशान द्यायचा मोह होईल, पण खारफुटी दे. मूळ खेळातही काळ्याची लँड दलदलच आहे.

मेकॅनिकसाठी (संचाचा खास नियम) रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) घे, आयती आहे. २००५ च्या राव्हनिका संचात कॉन्व्होक आलं: आपले क्रीचर (लढणारी कार्डं) टॅप करायचे, म्हणजे आडवे करायचे, आणि तेवढा खर्च भागवायचा. दोरी ओढायला सगळा गाव लागतो, तेच हे. त्यात एक भर घाल: तीन किंवा जास्त क्रीचर टॅप केले तर एक कार्ड ओढ. दोरीला हात लावला की वाटा मिळायलाच हवा.

भरती-ओहोटी मात्र जपून. १९९४ च्या फॉलन एम्पायर्समध्ये होमारिड नावाचा क्रीचर होता. त्याच्यावर दर पाळीला काउंटर (मोजणीची सोंगटी) चढायचा, एक असताना −१/−१ (मारा आणि तग दोन्ही एकने कमी), तीन असताना +१/+१, चार झाले की सगळे काढायचे. दोन होमारिड वेगवेगळ्या पाळीला उतरले की एकाला भरती, दुसऱ्याला ओहोटी. एकाच समुद्रात! त्यापेक्षा टेबलाच्या मधोमध एकच कार्ड ठेव, एका बाजूला भरती, दुसऱ्या बाजूला ओहोटी, आणि पहिल्या खेळाडूच्या दर दुसऱ्या पाळीला उलटव. २०२१ च्या इनिस्ट्राडमध्ये दिवस-रात्र कुणी किती स्पेल (मंत्र) टाकले त्यावर फिरते. इथे तसं नको. भरती कुणाच्या हातात नसते. आधी ओळखून होडी काढायची असते.

एखाद्या रेअरसाठी सावंतवाडीच्या गंजिफेकडे (जुने गोल पत्ते) बघ. दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकाची १२ पानं. आकड्यांच्या पानांत निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का. ओहोटीला लहान क्रीचर मोठ्याला भारी पडेल असं एक कार्ड कर. एकच हं, दोन केलीस तर गोंधळ.

राखणदाराला ५/५ आकडे लावून मारामारीत उतरवू नकोस. एक तर कुणाच्या तरी मनाला लागेल, आणि खेळातही तो तिथे शोभत नाही. राखणदार वेशीवर असतो. त्याचं एन्चँटमेंट (न लढता टेबलावर राहणारा मंत्र) कर. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात. त्या चपलांचं आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड) होईल, देवाचं नाव कार्डावर न घालता.

चित्रं शेवटी. आत्ता ६३ × ८८ मिमीच्या चिठ्ठ्या काप, पेनने लिही, स्लीव्हमध्ये (कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट) जुन्या कार्डापुढे सरकव आणि फक्त कॉमन घेऊन खेळा. तेवढ्यावर डाव रंगला तरच रेअर आत घे. आणि छापशील तेव्हा मागची बाजू तुझी स्वतःची असू दे, विकू मात्र नकोस. खेळाच्या कंपनीचं चाहत्यांसाठीचं धोरण फुकट वाटण्यापुरतंच आहे.