अख्खा मार्च वाळवंटात

स. न. वि. वि.

ताई, मी मुलुंडला राहतो आणि फोर्टातल्या एका सहकारी बँकेत नोकरी करतो. वाचन होतं ते जाता-येता लोकलमध्ये, तेही बसायला मिळालं तर. जानेवारीत वर्षभरात पन्नास पुस्तकं वाचायचा संकल्प केला. विज्ञानकादंबऱ्या आवडतात म्हणून फ्रँक हर्बर्टची वाळवंटी ग्रहावर घडणारी 'ड्यून' हातात घेतली आणि अख्खा मार्च तिच्यातच गेला. मोबाइलमधलं अ‍ॅप रोज आठवण करतं, तुम्ही मागे पडला आहात. आता दुकानात पुस्तक उचललं की मी आधी शेवटचा पानक्रमांक बघतो. बायको विचारते, वाचतोयस की हप्ते फेडतोयस? विज्ञानकादंबरीला एवढा वेळ का लागतो? अर्धवट सोडलेलं पुस्तक मोजायचं का? आणि मराठीत विज्ञानकथा पुष्कळ दिसतात, कादंबऱ्या कुठे आहेत?
— एक वाचक, मुलुंड

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. निम्मं उत्तर त्यांनीच दिलंय.

मी दादरच्या एका लायब्ररीत काउंटरवर बरीच वर्षं काढली. तिथे उलटा प्रकार होता. मे महिन्यात गावी निघालेली मंडळी पुस्तक बदलायला यायची तेव्हा 'जरा जाडसं द्या हो' म्हणायची. वर्गणी तेवढीच, मग पानं जास्त मिळाली तर फायदाच! बारीक पुस्तक हातात ठेवलं तर तोंड वाकडं व्हायचं. जाड पुस्तक म्हणजे तोटा, हा हिशेब मोबाइलने शिकवला. त्याच्या लेखी एच. जी. वेल्सची 'टाइम मशीन' एक आणि 'ड्यून'ही एकच. लांबीत मात्र पाच-सहापट फरक आहे. म्हणजे तुमचा मार्च काही वाया गेलेला नाही.

'ड्यून'च्या पहिल्या वाचकांना किती वेळ लागला, माहीत आहे? ती आधी 'अ‍ॅनालॉग' या अमेरिकन मासिकात क्रमशः आली. पहिला टप्पा डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४, दुसरा थेट जानेवारी ते मे १९६५. मधले दहा महिने काहीच नाही. पुस्तक म्हणून वीसहून जास्त प्रकाशकांनी ती नाकारली आणि शेवटी छापली कोणी, तर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन कंपनीने. (गॅरेजवाल्यांना वाळवंटाचं काय वाटलं असेल, देव जाणे.) ज्या गोष्टीसाठी लोक दीड वर्ष थांबले ती तुम्ही महिन्यात वाचलीत, आणि अ‍ॅप तुम्हाला मागे पडलात म्हणतं.

वेळ का लागतो, ते सांगते. सामाजिक कादंबरीत 'गिरगावातली चाळ' एवढं लिहिलं की कॉमन गॅलरी, नळाची रांग, समोरच्या खोलीतली भांडणं सगळं वाचकाच्या डोक्यात आपोआप उभं राहतं. लेखकाला हे फुकट मिळतं. हर्बर्टला तसं काहीच मिळत नाही. अराकिस हा ग्रह, तिथे अंगातून निघणारा ओलावासुद्धा परत पिण्याजोगा करणारा पोशाख, पहिल्याच प्रकरणात कानावर आदळणारा 'गोम जब्बार' (म्हणजे विषारी सुई), हे सगळं त्याला उभं करायचंय आणि तुम्हाला समजून घ्यायचंय. पहिली शे-दीडशे पानं तुम्ही गोष्ट वाचत नसता, तिथे राहायला शिकत असता. त्यात डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेलं, कांजूरमार्ग-विक्रोळीची गर्दी अंगावर येतेय, मग तेच पान दोनदा वाचावं लागतं. साहजिकच आहे. मागच्या शब्दसूचीकडे मात्र सारखे धावू नका. पाचव्या-सहाव्यांदा शब्द आला की तो आपोआप कळतो.

अर्धवट पुस्तक मोजू नका, पण त्याची लाजही बाळगू नका. माझी कसोटी सोपी आहे. अनोळखी शब्द टोचायचे थांबले आणि तरीही कोणाचं पुढे काय होणार याची तुम्हाला फिकीर नसेल, तर पुस्तक बदला. फक्त आधी त्याची बांधणी बघून घ्या. आयझॅक असिमोव्हची 'फाउंडेशन' अनेकजण मध्येच सोडतात, कारण ज्याच्यात जीव गुंतला तो माणूस बहुतेकदा पुढच्या भागात नसतो, मध्ये काही दशकं उलटलेली असतात. पण तिच्या पाच भागांपैकी चार मुळात १९४२ ते १९४४ दरम्यान मासिकातल्या सुट्या कथा होत्या, पहिला भाग तेवढा १९५१ च्या पुस्तकासाठी नव्याने लिहिला. तेव्हा एक भाग वाचून पंधरा दिवस दुसरं काहीही वाचलंत तरी बिघडत नाही.

पन्नासाचा आकडा मी तरी खोडून टाकला असता. त्याऐवजी वर्षासाठी एक प्रश्न घ्या. समजा, परग्रहावरून कोणी आलं तर? वेल्सची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) आधी वाचा. मंगळवासी उतरतात ते लंडनजवळच्या सरेमध्ये, आणि पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी कसं निर्मूलन केलं याची आठवण देतो. गोऱ्या साहेबाच्याच पुस्तकात हे वाचताना मजा येते. मग स्तानिस्लाव लेमची 'सोलारिस' (१९६१). तिथे समोरचा जीव म्हणजे ग्रहभर पसरलेला महासागर, आणि पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञ डोकं फोडूनही त्याच्याशी बोलणं काही जमत नाही. मला या तिघांत तीच सर्वांत आवडते, पण कंटाळलात तर मला दोष देऊ नका. तिसरी, लिऊ त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. इंग्रजीत २०१४ साली आली. सुरुवात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत, मुलीच्या डोळ्यांदेखत प्राध्यापक बापाला जमावासमोर मारून टाकतात तिथे होते. ती मुलगी पुढे अवकाशाशी काय बोलते, ते सांगत नाही. या तिन्ही लागोपाठ वाचल्या की एक पुस्तक दुसऱ्याला उत्तर देतंय असं वाटायला लागतं. संख्येच्या मागे लागलं की ते निसटतं, कारण आधीचं पुस्तक डोक्यात मुरायच्या आत आपण पुढचं उघडलेलं असतं.

राहिलं मराठीचं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आपल्याकडे भर कथेवर राहिला. दिवाळी अंकात आठ-दहा पानांची जागा आणि विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा, दोन्ही कथेच्या मापाच्या. जयंत नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असताना १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी वाचा, भानगड लक्षात येईल. पण कादंबऱ्या अगदीच नाहीत असं नाही. त्यांच्याच 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' आहेत, अरुण साधूंची 'विप्लवा' आहे. 'प्रेषित' तर वरच्या यादीत चौथी म्हणून चपखल बसते.

ताई, नात इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. मराठी अडखळत वाचते, पण ग्रह-तारे म्हटलं की कान टवकारते. तिला सुट्टीत रोज दहा पानांचं टार्गेट द्यावं का?
— आजोबा, लालबाग

दहा पानांचं टार्गेट दिलंत की ती अकरावं पान वाचणार नाही. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आणा. पहिली कथा तुम्ही मोठ्याने वाचा, अर्ध्यावर थांबा आणि चहाला उठा. पुस्तक तिथेच उघडं राहू द्या. तिला एखादा शब्द अडला तर सांगा, उच्चार मात्र लगेच सुधारायला जाऊ नका. आणि कथा संपल्यावर 'काय शिकलीस?' असं विचारलंत तर पुढच्या सुट्टीत ती मामाकडे जाईल.