बॅग गळली, दिवा नंतर लागला: दोन वर्षं कुठून मोजायची?

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलाचे चिखलाने माखलेले फुटबॉलचे बूट, शिन गार्ड आणि घामट कपडे गाडीतून आणायचे, सीट खराब व्हायला नको, म्हणून त्यांनी ऑनलाइन एक ‘वॉटरप्रूफ’ किट बॅग घेतली. तिसऱ्याच वापरात ती तळाशी गळली. चिखलाचं पाणी मागच्या सीटच्या फोममध्ये मुरलं आणि तिथून ओघळून पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये गेलं. त्यांनी गाडी पुसून घेतली आणि कंपनीला मेल केला. तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. वर्कशॉपने सीट सोडवून पाहिली तर खालचा पिवळा कनेक्टर गंजलेला. फोम, कार्पेट आणि वायरिंग मिळून खर्च बॅगेच्या किमतीच्या कित्येक पट झाला. कंपनीने बॅग बदलून पाठवली, पण गाडीच्या नुकसानीला नकार दिला. तेव्हापासून मेलामेली सुरू आहे. बॅग गळल्याला आता तेविसावा महिना चालू आहे. ते विचारतात, “वकिलाची नोटीस पाठवून महिना-दोन महिने वाट पाहू का? दोन वर्षांची मुदत दिवा लागल्यापासूनच धरायची ना?”

वाट पाहू नका. आणि मुदत दिवा लागल्यापासून धरून तर अजिबात चालू नका.

बॅग सदोष होती का, जबाबदार कोण, भरपाई किती, यावर पुढे वाद होतील आणि ते दोन्ही बाजूंनी घालता येतात. तुमच्या प्रकरणात निकाल लावणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९. तक्रारीचं कारण ज्या तारखेला घडलं, त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. समोरच्याने हरकत घेतली नाही म्हणून हे सुटत नाही. तक्रार मुदतीत आहे की नाही हे ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २००९ मध्येच सांगितलं आहे.

आता तारीख कोणती? सीट आणि कार्पेटपुरता प्रश्नच नाही: बॅग गळली तो दिवस. वायरिंगबद्दल मी आयोगापुढे जरूर म्हणेन की ते नुकसान तीन महिन्यांनी उघड झालं, तेव्हा त्याचं कारण तेव्हाचं. पण समोरचा वकील उठून एवढंच म्हणेल, “पाणी तेच, दिवस तोच, कारण एकच.” हे म्हणणं हास्यास्पद नाही. मान्य झालं तर सगळं गेलं. तुमच्या हातात अजून महिन्याभराहून थोडे जास्त दिवस आहेत. त्या दिवसांत तक्रार दाखल केलीत तर हा वादच उरत नाही. मग तो ओढवून कशाला घ्यायचा?

मेलांबद्दल मला जरा स्पष्ट बोलावं लागेल, कारण अशी पत्रं मला सारखी येतात. कधी गादी असते, कधी टाकी, कधी फ्रिज, गोष्ट तीच. ग्राहक दीड-दोन वर्षं कस्टमर केअरशी गोड बोलत राहतो, दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळतो आणि त्याला वाटतं प्रकरण ‘चालू आहे’. कंपनीच्या संगणकावर ते चालू असेल. कायद्याच्या लेखी तुमचा एकही मेल मुदत थांबवत नाही. अठराव्या महिन्यात आलेल्या नकाराने नवी मुदतही सुरू होत नाही. कंपनीने लेखी कबूल केलं असतं की गाडीचं नुकसान आमच्या बॅगेने झालं आणि आम्ही ते भरून देऊ, तर वेगळा मुद्दा मांडता आला असता. तुम्ही पाठवलेल्या मेलांत तसं एक वाक्य नाही. ‘आम्हाला खेद आहे’ म्हणजे कबुली नव्हे.

मुदत उलटून गेली तर कलम ६९ मध्येच विलंब माफीची सोय आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला माफीची कारणं लिहून ठेवावी लागतात. ‘कंपनी आश्वासनं देत होती’ हे कारण किती पुरेल याचा भरवसा मी देणार नाही.

नोटीस? कायद्यात ती सक्तीची नाही. पाठवायची तर सात दिवसांची पाठवा आणि त्याच सात दिवसांत तक्रारीचा मसुदा, शपथपत्र आणि कागद तयार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली की फी शून्य. बॅग म्हटल्यावर हा प्रश्न मिटला. ऑनलाइन दाखल करायचं तर जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल आहे. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. स्कॅन केलेली पीडीएफ अपलोड होता होता ऐन वेळी अडकलेली मी पाहिली आहे, आणि त्या रात्रीचा अशिलाचा फोनही घेतला आहे.

आता बॅग. तुम्ही मोठ्या निरागसपणे लिहिलं आहे की ‘नंतर वास यायला लागला म्हणून मशीनला लावली’. हे करायला नको होतं. अशा बॅगेच्या कापडाला बहुधा आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. पाणी सहसा कापडातून येत नाही, शिलाईतून येतं. सुई जिथे जिथे शिरली तिथे एकेक भोक पडतं. आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी म्हणजे सीम टेप असेल तर ती भोकं बुजतात. नसेल तर तळाची शिवण म्हणजे चाळणीच. मशीनच्या घुसळणीत आणि स्पिनमध्ये ही पट्टी सुटू शकते. त्यामुळे आता कंपनी म्हणणार: पट्टी होती, तुम्हीच उखडलीत, लेबलवर ‘फक्त हाताने धुवा’ लिहिलं आहे. कायद्यात गैरवापराचा बचाव आहे खरा, पण कलम ८७ विक्रेत्याला तो देतं ते ‘नुकसान झालं त्या वेळी’ वस्तूचा गैरवापर झाला असेल तर. तुम्ही धुतली ती गळल्यानंतर. म्हणजे तुमचा हक्क गेला नाही. पुरावा मात्र अधू झाला.

तो सावरायचा तर गळतीच्या दिवशीचे फोटो लागतील. व्हॉट्सॲपवर पाठवलेले नकोत, त्यांत फोटो काढल्याच्या वेळेची मूळ नोंद राहत नाही. ज्या फोनने काढले त्यातल्या मूळ फाइल काढा. फोन बदलला असेल तर जुना शोधा. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ते कलम ६३ खाली येतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तेवढा काटेकोर नसतो, तरी जोडा. वर्कशॉपच्या जॉबकार्डवर ‘कनेक्टर बदलला’ एवढंच असेल तर उपयोग नाही. गंज कशामुळे, पाणी कुठून आलं, कार्पेट तिथे ओलं किंवा डागाळलेलं होतं का, हे मेकॅनिककडून लेखी घ्या. जुना कनेक्टर त्यांनी अजून फेकला नसेल तर तुमचं नशीब.

कंपनीचा सगळा भर वॉरंटीतल्या ‘आमची जबाबदारी फक्त बॅग बदलून देण्यापुरती’ या ओळीवर आहे. त्या ओळीला मी फारसा घाबरत नाही, पण तक्रार कशी लिहिली यावर बरंच ठरेल. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना आणि दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं, यांतल्या कशानेही झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार धरता येतो. हानीच्या व्याख्येत वस्तू सोडून तुमच्या इतर मालमत्तेचं नुकसान येतं, म्हणजे गाडी आली. त्याच व्याख्येतून वॉरंटीच्या अटींचा भंग म्हणून झालेलं मालमत्तेचं नुकसान मात्र वगळलं आहे. हमीबद्दलची ही दोन टोकं नीट जुळत नाहीत. म्हणून मुख्य मुद्दा रचनेतला किंवा उत्पादनातला दोष हा ठेवा, ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुसऱ्या क्रमांकावर आणि बॅगेची किंमत स्वतंत्र मागणी म्हणून. कंपनी आता वेबसाइटवर ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणते असं तुम्ही लिहिता. म्हणू दे. तुमच्या ऑर्डरच्या मेलमध्ये आणि बिलावर वस्तूचं नाव काय छापलं आहे ते बघा.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, म्हणून उत्पादक, विक्रेता आणि प्लॅटफॉर्म तिघांनाही घ्या, वगळायचं ते आयोग वगळेल. लेबलवर परदेशी उत्पादक निघाला आणि इथून त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ विक्रेत्याला उत्पादकाच्या जागी उभं करतं. आयात करणाराही विक्रेत्यातच मोडतो. गाडी पत्नीच्या नावावर असेल तर त्यांनाही तक्रारदार करा. बिल फुटबॉल क्लबच्या नावावर घेतलं असेल तर मला आधी कळवा, मग थोडा वेगळा विचार करावा लागेल. गाडीच्या विम्यातून काही निघेल का हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मला फार आशा नाही.

किती वेळ लागेल? कायद्याप्रमाणे वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिने, लागत असेल तर पाच. आयोगाच्या वऱ्हांड्यात हे आकडे मोठ्याने म्हणू नका, लोक हसतील. सामनेवाल्याला जबाब द्यायला तीस दिवस आणि फार तर पंधरा अधिक, ही मर्यादा मात्र बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे, तेव्हा तिथे तरी आग्रह धरता येतो. पुढच्या तारखा पडतील तशा पडतील. पहिल्याच सुनावणीत मध्यस्थीबद्दल विचारणा होऊ शकते. ‘नाही’ म्हणायची घाई नको. कंपनीला प्रयोगशाळेचा अहवाल नको असेल, तर ती तिथेच जवळपासच्या आकड्यावर येऊ शकते.

अहवालासाठीची सोय कलम ३८ मध्ये आहे. आयोग नमुना घेतो, सीलबंद करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल साधारण ४५ दिवसांत यावा अशी अपेक्षा असते. तुम्ही धुतलेली बॅग यासाठी अर्धीच कामाची आहे. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की कंपनीने बदली म्हणून पाठवलेली बॅग आठ महिने खोक्यातच पडून आहे, ‘रागाने उघडलीच नाही’. अख्ख्या पत्रातली ही सर्वांत चांगली बातमी आहे. कंपनी म्हणेल की ती स्वीकारलीत म्हणजे प्रकरण मिटलं. ‘समस्या मिटली’ अशा एखाद्या बटणावर तुम्ही टिचकी मारली नसेल, तर त्याला उत्तर देता येईल. मॉडेल तेच असेल आणि तिच्या तळाच्या शिवणीवरही आतून पट्टी नसेल, तर दोष एका नगात नाही, रचनेतच आहे, हे मशीनला न लावलेल्या बॅगेवरून दाखवता येईल. पट्टी असेल तर निदान तुमचा नग सदोष निघाला असं म्हणता येईल. खोक्यावरची चिकटपट्टी काढू नका, कुरिअरचं लेबल फाडू नका आणि मुलाला सरावाला जायला दुसरी कुठलीही बॅग द्या. ते खोकं आयोगासमोरच उघडू.