मित्र गेला पुण्याला, चाळीस टक्के राहिले इथंच

प्रश्न थोडक्यात असा: "मी आणि कॉलेजचा मित्र, आम्ही २०२२ मध्ये नागपुरात प्रायव्हेट लिमिटेड काढली. काटोल-वरूडच्या संत्रा बागायतदारांना व्यापारी आणि गाडी मिळवून देणारं अ‍ॅप आहे. माझे ६० टक्के, त्याचे ४०. नऊ महिन्यांत त्याने पुण्यात नोकरी धरली. आता एक फंड २० टक्क्यांसाठी २ कोटी द्यायला तयार आहे, टर्म शीटवर (गुंतवणुकीच्या ढोबळ अटींचा कागद) सह्या झाल्या, पण ते म्हणतात आधी मित्राचा विषय मिटवा, ६० दिवसांत. तो फोन उचलत नाही. त्याचं डिजिटल सहीचं डोंगल आमच्या सीएकडेच पडून आहे. बहुमत माझं आहे, तर परस्पर काही करता येईल का?"

भाऊ, आधी ते डोंगल. सीएच्या ड्रॉवरमधून काढा आणि मित्राच्या पत्त्यावर कुरिअर करा, पावती जपून ठेवा. त्याने शेअर ट्रान्सफर होतही नाही, कागदी शेअर असतील तर एसएच-४ फॉर्मवर विकणाऱ्याची स्वतःची सही लागते, आणि दुसऱ्याची डिजिटल सही लबाडीने वापरली तर आयटी कायद्याच्या कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे, वरून कंपनी कायद्याचं फ्रॉडचं कलम ४४७ वेगळं. डोक्यात आलं होतं, विचारून घेतलं, बरं केलं.

आता बहुमत. साध्या ठरावाला तुमचे ६० पुरतात, अगदी मित्राला डायरेक्टर पदावरून काढायलाही पुरतात (रीतसर नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून), पण डायरेक्टरकी गेली म्हणून शेअर जात नाहीत, ही दोन वेगळी खाती आहेत. फंडाला नवे शेअर द्यायचे, आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली) बदलायचे, तर विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट पाहिजेत. ६० विरुद्ध ४० मध्ये ते कसं बसणार? बरं तो आलाच नाही तर? कंपनीत मेंबर दोनच, आणि कोरमलाही (मीटिंग ग्राह्य धरायला लागणारी किमान हजेरी) दोनच लागतात. तहकूब मीटिंगमध्ये एकट्यानेच ठराव करून घ्या असं सांगणारा कोणीतरी भेटेल तुम्हाला, पण असा कागद पाहून फंडाचे वकील पैसे सोडणार नाहीत, मी त्यांच्या जागी असतो तर मीही सोडले नसते.

दुसरी आयडिया लोक देतात राइट्स इश्यूची, म्हणजे दोघांनाही नवे शेअर ऑफर करायचे, त्याच्याकडे पैसे नाहीत की आपोआप तो पातळ होतो. कागदावर चालतं. पण केवळ एखाद्याचा हिस्सा कमी करायला किंवा कंट्रोल घ्यायला केलेलं वाटप सुप्रीम कोर्टाने उडवलेलं आहे, २००४ चा डेल अँड कॅरिंग्टनचा निकाल त्यावरच आहे. दडपशाहीची तक्रार करायला १० टक्के शेअर पुरतात, त्याच्याकडे ४० आहेत. आणि ती केस चालते एनसीएलटीत (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण), मुंबईला, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्ट आहे म्हणून तिथं उभं राहून होणार नाही. एक अर्ज दाखल झाला की तुमचे ६० दिवस गेलेच समजा.

फंडवाले अडून का बसलेत तेही समजून घ्या, ते कंजूस नाहीत, त्यांचं गणित वेगळं आहे. बँक विचारते तारण काय, हे विचारतात किती मोठं होऊ शकतं. पैसा बहुतेक दुसऱ्यांचा, ठरलेल्या मुदतीत परत करायचा, आणि घातलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याचशा बुडणार किंवा जेमतेम मुद्दल देणार हे आधीच धरलेलं. सगळा फंड एक-दोन कंपन्यांवर तरतो. म्हणून ते तुमच्या नागपूरच्या कळमना बाजारातल्या आजच्या धंद्यावर खूश नसतात, हेच अ‍ॅप उद्या नाशिकच्या द्राक्षाला, पंजाबच्या किन्नोला चालेल का ते बघतात, आणि तिथवर जायला हा माणूस आठ-दहा वर्षं टिकेल का ते बघतात. आता आकडे मांडा. गुंतवणुकीच्या या राउंडला २० टक्के, ईसॉपला (कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर) १० टक्के, मग तुमचे ६० चे ४२ होतात, त्याचे २८. पुढं आणखी दोन राउंड २०-२० टक्क्यांचे झाले की तुम्ही साधारण २७ वर आणि पुण्यात पगार घेणारा १८ वर. बागेत चिखल तुडवणारा तुम्ही. सुरुवातीला एका कागदावर चार वर्षांचं व्हेस्टिंग (काम करत राहील तसतसे शेअर पक्के होणं) आणि पहिलं वर्ष पुरं केल्याशिवाय काहीच नाही अशी अट लिहिली असती तर नऊ महिन्यांत जाणाऱ्याच्या हाती काहीच राहिलं नसतं. असो, तेव्हा दोस्ती होती.

तर आता बोलणं हाच मार्ग. त्याने १ लाखाच्या भांडवलात ४० हजार घातले होते, तो म्हणेल फंडाच्या भावाने माझे ३ कोटी २० लाख होतात. (२ कोटीला २० टक्के म्हणजे पैसे आल्यावर कंपनी १० कोटीची, त्याआधी ८ कोटीची, त्याचे ४० टक्के, हिशोब त्याचा बरोबर आहे.) त्याला शांतपणे सांगा की फंड घेतोय ते प्रेफरन्स शेअर, कंपनी विकली तर आधी पैसे त्यांना, आपल्या दोघांचे साधे शेअर त्या भावाचे नाहीत, आणि राउंड झाला नाही तर दोघांच्याही हाती आकडेच राहतील. माझ्या मते त्याला ५ ते ८ टक्के ठेवू द्या, बाकीचे त्याने तुम्हाला विकावे, थोडे पैसे आत्ता, उरलेले नंतर हप्त्याने. उगाच १० रुपये दर्शनी भावाने दाखवू नका, आयकरवाले अनलिस्टेड शेअरचा भाव पुस्तकी मालमत्तेवरून काढतात आणि त्याच्या खाली व्यवहार झाला की विकणारा आणि घेणारा दोघंही अडकू शकतात, म्हणून आधी सीएकडून त्या दिवसाचा आकडा लेखी घ्या. तोट्यातल्या कंपनीत तो बहुधा कमीच निघतो.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. अ‍ॅपचा पहिला कोड कोणी लिहिला? त्याने लिहिला असेल आणि तो तेव्हा कंपनीचा पगारी नोकर नसेल तर त्याचा कॉपीराइट त्याचाच, कंपनीचा नाही. ड्यू डिलिजन्समध्ये (पैसे देण्याआधी फंडाचे लोक कागद तपासतात त्यात) हे पहिल्याच आठवड्यात निघतं. त्याच करारात कोडचं लेखी असाइनमेंट (हक्क कंपनीच्या नावे करून देणं) घ्या, आणि मुदत व जागा लिहायला विसरू नका, नाही लिहिली तर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. खरं सांगायचं तर हे मला त्याच्या शेअरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

फंडाला आजच मेल करून खरी परिस्थिती सांगा, मुदत वाढवून मागा. टर्म शीट बहुतांशी बंधनकारक नसते पण त्यातलं एक्सक्लुझिव्हिटीचं कलम असतं, त्या ६० दिवसांत दुसऱ्या इन्व्हेस्टरशी बोलू नका.

आणि तो फोन उचलत नाही तर जा ना पुण्याला, रात्रीच्या गाडीने. सोबत संत्रा बर्फीचा डबा न्या, वकिलाची नोटीस नको. ती मी नंतरही काढून देईन.